बावीस नंबरची सुट्टी

...आणि वर मला सांगतो काय, "सर, समुद्र तुमच्या उजव्या हाताला आहे!" अहो, समुद्र! माझ्या! उजव्या हाताला! अरे बाबा, त्या समुद्राच्या काठी बसून माझ्या आईनं जन्मभर मासे साफ केले, एक्केचाळीस वर्षं मी पिटनॅरीच्या गोल्फच्या मैदानावर लोकांच्या बॅगा वाहिल्या, उन्हात... ऊन कुठलं आलंय आमच्याकडे, पावसात वाहिल्या, आडव्या पावसात वाहिल्या, आणि हा रूपर्ट, आमच्या सहलीचा गाईड, लंडनचा, वय वर्षं तीस, चौकड्याचौकड्यांची विजार, आम्ही सहा जण हरवू नये म्हणून हातात उंच धरलेली पिवळी छत्री, हा मला समुद्र दाखवतो! आणि मी, तुम्हाला सांगतो, मी हेक्टर गिलफिलन, ज्याच्या तोंडाला अख्खं गाव वचकून असतं, मी काय म्हणालो? "हो का? छान आहे हो समुद्र." बस. एवढंच. कारण मी सुट्टीवर होतो!

सुट्टी माझ्या लेकीनं दिली. मोरॅगनं. मी निवृत्त होणार म्हणून ग्लासगोहून आली, पाकीट ठेवलं माझ्या पोरिजच्या वाडग्याशेजारी आणि म्हणाली, "बाबा, जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्यात ना, आता जरा स्वतः खेळा." उघडून बघतो तर 'ऐतिहासिक सागरी मैदानांची मार्गदर्शित गोल्फ सहल, सहा दिवस, पाच मैदानं.' म्हटलं, पोरी, यातली चार मैदानं माझ्या सायकलच्या टप्प्यात आहेत! आणि पाचवं? पाचवं पिटनॅरी! शेवटच्या दिवशी! म्हणजे ज्या मैदानावर मी सकाळी चालत जातो, तिथं मला बसमधून नेणार आणि उतरताना म्हणणार, "पायरी सांभाळा!"

पण पिटनॅरी वाचलं आणि मी पाकीट खिशात घातलं. का, ते सांगतो. पिटनॅरीच्या पहिल्या टीपाशी, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात तिथं, एक लाकडी खोपटं आहे. त्यात फर्गस मकवर्टर बसतो. याचं काम काय? खेळायला आलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारायचं. "टीवर, श्रीयुत अमुक तमुक!" आवाज असा की पलीकडच्या बेटावरच्या मेंढ्या मान वर करतात. न्यायाधीशांची नावं पुकारली त्यानं, सर्जनांची पुकारली, एका साबणवाल्याचं पुकारलं. आणि मला? "ए बावीस! साबणवाल्याची बॅग घे!" बावीस! कॅडीचा, म्हणजे आम्हा बॅगा वाहणाऱ्यांचा, पितळी बिल्ला असतो, माझा बावीस नंबरचा. आम्ही एका वर्गात होतो हो, एका बाकावर! माझ्या वहीत बघून गणितं सुटली त्याची, आणि मी बावीस! आम्हा कॅडींना खेळायला मिळतं, नाही असं नाही, हिवाळ्यातल्या सोमवारी, पण तेव्हा खोपट्याला कुलूप असतं. एक्केचाळीस वर्षांत त्या टीवर माझं नाव कुणी घेतलं नाही. मला ते एकदा ऐकायचं होतं. एकदाच. श्रीयुतसकट.

म्हणून मी घरात जाहीर केलं, "सहा दिवस मी पाहुणा. दुसऱ्याच्या बॅगेला हात लावणार नाही, कुणाला अक्कल शिकवणार नाही." तर आमची एफी, बायको माझी, कपडे घडी करत होती, मान वर न करता म्हणते, "बुधवारपर्यंत टिकलास तर नाव बदलून ठेवीन."

असं! बघच आता, म्हटलं.

तर सोमवारी निघालो. माझ्या जोडीला दिला वेंडेल. नेब्रास्काचा, चौऱ्याहत्तर वर्षांचा, दातांचा डॉक्टर होता, आता नाही. माणूस सोन्यासारखा, पण खेळ! अहो, त्याच्या गावाला समुद्र नाही आणि वारासुद्धा आमच्यासारखा वाह्यात नाही, तिथं चेंडू उंच मारायची सवय. आमच्याकडे चेंडू उंच मारला की तो नॉर्वेला जातो! हा मारतो उंच, वारा घेऊन जातो, हा पुन्हा मारतो उंच, वारा पुन्हा घेऊन जातो, आणि मग माझ्याकडे बघतो. "हेक्टर, माझं काय चुकतंय रे?" अरे खाली मार ना, लेका, जमिनीलगत! जिभेवर आलं होतं. दातांनी अडवलं. "कुणास ठाऊक बुवा," म्हणालो, "वारा दिसतोय जरा." सुट्टीवर होतो ना मी!

आणि त्याची बॅग! त्या सहलीत बॅगा हातगाडीवर, आणि हातगाडी वाळूत रुतते. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून ओढतोय. माझा हात... तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप पुढे जायचा! मी तो धरून खिशात घालायचो. बुधवारी तर दोन्ही हात खिशात घालून चाललो, तेव्हा रूपर्ट म्हणतो, "सर, थंडी वाजतेय का?" थंडी! मला! मेमध्ये! पण बुधवार पार पडला बरं का. संध्याकाळी एफीला फोन केला आणि विचारलं, "काय गं, नवीन नाव काय ठेवलंस?" तर फोन ठेवला तिनं.

आता या रूपर्टचं ऐका. गुरुवारी बसमध्ये तो एक पुस्तक काढून वाचायला लागला. "पिटनॅरीच्या सतराव्या होलजवळ एक खोल बंकर आहे," म्हणजे वाळूचा खड्डा हो, "त्याला बिशपचा बंकर म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वी एक बिशप त्यात अडकला, तीन दिवस चेंडू बाहेर निघेना, शेवटी त्यानं तिथंच प्रार्थनासभा घेतली." सगळे वाहवा करतायत, वेंडेल वहीत लिहून घेतोय. अहो, तो बिशप मी जन्माला घातला! मी! एकोणीसशे सत्त्याऐंशी साली! पाऊस कोसळत होता, एक बँकवाला त्या खड्ड्यात नऊ फटके मारून रडकुंडीला आला होता, त्याचं मन रमवायला मी म्हणालो, साहेब, तुम्ही काहीच नाही, इथं एक बिशप तीन दिवस होता. सुचलं ते बोललो! तो खूश झाला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि आता ते छापून आलंय. मी नम्रपणे, हो, नम्रपणे म्हणालो, "रूपर्ट, बाळा, असा बिशप कधी नव्हता." तर तो माझ्या हातावर थोपटतो! "सर, स्थानिक लोकांना आपला इतिहास माहीत नसतो, हे नेहमीचंच आहे. पुस्तकात आहे ना!"

थोपटतो! मला! पण मी हूं की चूं केलं नाही. सुट्टीवर होतो मी! शनिवारपर्यंत हा मला बिशपचे फोटो दाखवील, दाखवू दे, शनिवारी फर्गस माझं नाव पुकारणार होता.

उजाडला शनिवार. आणि वारा! चहाच्या कपातून चहा आडवा जातोय असा वारा. बस पिटनॅरीला पोचली, मी इस्त्रीचा शर्ट, टाय, गळा आवळलेला, उतरलो, रूपर्ट म्हणाला, "पायरी सांभाळा," आणि मी वर बघितलं तर खोपट्यावर लाल निशाण.

झालं! लाल निशाण म्हणजे काय, ते पिटनॅरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. वारा असा सुटला की पाहुण्यानं कॅडीशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. फार पूर्वी दोघं पाहुणे अशाच वादळात वाट चुकून समुद्रात गेले होते, तेव्हापासूनचा नियम. बिल्लेवाला कॅडी हवा म्हणजे हवा. आता आम्ही सहा पाहुणे आणि कॅडी किती आले? चार! का? तर आदल्या दिवशी कॅडींचं वर्षाचं जेवण होतं, तिथली मासळी बाधली आणि अर्धे कॅडी घरी पोट धरून पडलेले. मी सुट्टीवर नसतो तर मीही त्यांच्यातच असतो. ते चार कॅडी पहिल्या चौघांबरोबर गेले, आणि राहिलो कोण? वेंडेल आणि मी.

रूपर्ट हात चोळत म्हणतो, "काही हरकत नाही, आपण गोल्फचं संग्रहालय बघू या! जुने चेंडू आहेत तिथं!" वेंडेल बाकावर बसला, हातमोजा काढला, पुन्हा घातला. मग मला म्हणाला, "हेक्टर, पुढच्या महिन्यात गुडघे बदलायचेत माझे. दोन्ही. मी आता परत काही येत नाही इथं." आणि मी? मी त्या टीपासून दहा पावलांवर उभा, फर्गस खोपट्यात, माझं नाव त्याच्या यादीत, मी उलटं वाचलं ते, गिलफिलन, बरोबर लिहिलं होतं! आणि मी जायचं जुने चेंडू बघायला?

हट्! नाही जाणार म्हटलं! एक्केचाळीस वर्षं थांबलोय मी, चेंडू बघायला नव्हे! रागानं कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला रुमालाची पुरचुंडी लागली. एफीनं दिलेलं सँडविच असेल म्हणून सोडली. होतंच सँडविच. आणि त्याच्याबरोबर बिल्ला. पितळी. घासूनपुसून लख्ख केलेला. बावीस!

बाई मला आरपार ओळखून आहे हो.

गेलो खोपट्यापाशी. फर्गस यादीकडे बघत म्हणतो, "खेळाडूचा कॅडी कोण?"

"बावीस नंबर."

"बावीस निवृत्त झाला."

"महिनाअखेरीला होणार. आज तारीख किती? एकोणतीस."

"अरे पण तू तर खेळाडू!"

"खेळाडू आणि कॅडी ही दोन वेगळी माणसं हवीत, असं कुठं लिहिलंय? दाखव!"

काढलं त्यानं नियमाचं पुस्तक. बोटाला थुंकी लावून पान उलटतोय, पुन्हा मागं येतोय, चष्मा पुसतोय. तीनदा वाचलं. मागे रूपर्ट छत्रीशी झटतोय, ती उलटी झाली होती. शेवटी फर्गस म्हणाला, "नाही लिहिलेलं. दीडशे वर्षांत असा गाढवपणा कुणाला सुचलाच नाही, लिहिणार कोण?"

"आणि एका कॅडीला दोन बॅगा चालतात?"

"चालतात. पण या वाऱ्यात दुसरी उचलायला कुणी तयार होत नाही." मग वेंडेलकडे बघितलं त्यानं, माझ्याकडे बघितलं. "त्याचीही उचलणार? हेक्टर, लेका, तू सुट्टीवर आहेस ना?"

"तू नाव घे माझं! पूर्ण घे! श्रीयुतसकट घे, नाहीतर शाळेतल्या त्या गणितांचं सगळ्या गावाला सांगेन!"

उठला तो. खोपट्याबाहेर आला. तो कधीच बाहेर येत नाही हो, न्यायाधीशांसाठीही नाही आला. टोपी काढली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि... "टीवर! पिटनॅरीचे! श्रीयुत! हेक्टर! गिलफिलन!" मेंढ्यांनी मान वर केली असणारच. रडलो मी. सरळ सांगतो, रडलो, वाऱ्यावर ढकलणार नाही. मग वेंडेलचं नाव झालं, आणि मी दोन बॅगा दोन खांद्यांवर टाकल्या. सहा दिवसांत पहिल्यांदा मला धड चालता आलं, काय सांगू!

आणि तोंड सुटलं ते सुटलंच! "वेंडेल, खाली मार! सहा नंबरची काठी! अरे त्या चर्चच्या टोकाकडे बघ, झेंड्याकडे नको बघूस!" आणि ऐकतो हो तो माणूस! जे सांगू ते करतो! सतराव्या होलला चार फटक्यांत चेंडू आत, असा नाचला की मला गुडघ्यांची काळजी वाटली.

आणि मी? सतराव्यालाच माझ्यातला कॅडी मला म्हणाला, "श्रीयुत, डावीकडून जा, खाली मार." माझ्यातला श्रीयुत म्हणाला, "तू बॅग सांभाळ! आज आपण सरळ वरून घालवणार." "वारा आहे." "मला शिकवतोस?" घातला वरून. थेट बिशपच्या बंकरात. अकरा फटके! अकरा! आणि वर काठावर उभा राहून रूपर्ट मला वाचून दाखवतोय, "सर, निराश होऊ नका, इथं एक बिशप तीन दिवस होता!"

संध्याकाळी बसमध्ये त्यानं सगळ्यांना एक-एक कागद दिला, भरून द्यायचा. सहल कशी वाटली, जेवण कसं होतं, आणि खाली, 'आपल्या कॅडीबद्दल दोन शब्द.' वेंडेलनं दोन पानं भरली, डोळे पुसत. मी पेन्सिल चावत बसलो. मग लिहिलं, खरं तेच लिहिलं: 'बडबड फार करतो. सल्ला मात्र अचूक देतो. पुढच्या वेळी बावीस नंबरच द्या, खेळाडू तेवढा बदला.'