पंधरा नारळांची टोपली

मंडळी, आज देवाचा चमत्कार सांगणार नाही. कुणाला चमत्कार हवा असेल तर बाहेर चहाच्या टपरीवर जा, तिथे रोज एक घडतो. आज मी गणित सांगणार आहे. मागचे चार जण हळूच उठताहेत — बसा, बसा, वही तपासणार नाही. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आणि मग हातात चिपळ्या घेतल्या. खोड आहे, जायची नाही.

प्रश्न एवढाच. उत्तर पाठ असणं आणि उत्तर कळणं, यात फरक काय? तुम्ही म्हणाल, बुवा, उत्तर बरोबर आलं ना, मग झालं! आमचे पेटीवाले रघुनाथपंतसुद्धा मान डोलावताहेत. पंत, तुम्ही डोलावूच नका. तुम्हाला एकच पट्टी पाठ आहे, ती मला माहीत आहे.

ऐका आता.

दक्षिण कोकणात एक नागझरवाडी नावाचं गाव. पावणाईचं देऊळ. देवीची पूजा आणि देवळाची किल्ली रवळू गुरवाच्या घरात, चार पिढ्यांपासून. गावात मानकऱ्यांची तीन घरं — पहिला मान धुऱ्यांचा, दुसरा परबांचा, तिसरा मेस्त्रींचा. जत्रेच्या दिवशी सकाळी गुरवानं स्वतःच्या माडांचे नारळ टोपलीत भरून देवीपुढे आणायचे आणि मानकऱ्यांना द्यायचे. आता देण्याची रीत ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडतंय.

पहिल्या मानकऱ्याला द्यायचे टोपलीतले अर्धे नारळ, आणि वर अर्धा नारळ. मग जे उरले, त्यातले अर्धे आणि वर अर्धा दुसऱ्याला. पुन्हा उरले त्यातले अर्धे आणि वर अर्धा तिसऱ्याला. एकही नारळ देवीपुढे फोडायचा नाही. आणि शेवटी टोपली रिकामी झाली पाहिजे. गुरवानं ती देवीपुढे पालथी घालायची — बघ आई, मी काही मागे ठेवलं नाही.

झाली का पंचाईत? अर्धा नारळ द्यायचा आणि फोडायचा नाही. ताई, तुम्ही हसलात. घरी नारळाची एक वाटी मागायला शेजारीण येते तेव्हा आधी नारळ फोडावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण फोडावा लागत नाही. टोपलीत सात नारळ ठेवा. साताचे अर्धे साडेतीन, वर अर्धा — झाले चार. अख्खे चार. उरले तीन. तिनाचे अर्धे दीड, वर अर्धा — दोन. उरला एक. एकाचा अर्धा अर्धा, वर अर्धा — एक. टोपली रिकामी. चार, दोन, एक. कुठे करवंटीला चीरसुद्धा नाही.

गावाला सात पाठ होते. लहान पोराला विचारा, जत्रेचे नारळ किती? सात. का? सात असतात म्हणून. एवढंच. का सात, हे गावात एकट्या रवळूला माहीत होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना.

आता रवळूला त्या वर्षी अर्धांगवायू झाला. वाचा गेली. उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा हलायचा. मुलगा मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. देवीचा दिवा लावायला राहिली सून, वैजयंता. ती पहाटे नदीवरून पाणी आणायची, देवळात झाडलोट करायची, देवीला फूल घालायची आणि मग सासऱ्याला भरवायला घरी पळायची. कामात खोट नव्हती. पण गावात कुजबुज सुरू झालीच — बाई आहे, एकटी आहे, आणि वरच्या आळीतला रवळूचा चुलतभाऊ किल्लीवर टपून बसलाय.

त्यातच गावानं एक चांगलं काम केलं. खाडीपलीकडची तांडेलांची वाडी कितीतरी वर्षं देवळासाठी राबत होती. पालखीला खांदा त्यांचा, मंडपाचे वासे त्यांचे, मान मात्र नाही. गावानं ठरवलं, यंदापासून चौथा मान तांडेलांना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर कुणीतरी विचारलं, “मग नारळ किती?”

सगळे बोटं मोजायला लागले!

परब म्हणाले, “एक घर वाढलं, एक नारळ वाढवा. आठ.”

आठाचे अर्धे चार, वर अर्धा. फोडा आता.

मेस्त्री म्हणाले, “दोन वाढवा. नऊ.”

नवाचे अर्धे साडेचार, वर अर्धा, पाच झाले. उरले चार. चाराचे अर्धे दोन, वर अर्धा. पुन्हा सुरी आली.

एक जण म्हणाला, “सरळ दुप्पट, चौदा.” चौदाचे सात आणि अर्धा. पुन्हा फोडाफोडी.

मग पहिल्या मानाचे दाजी धुरी उठले. माणूस वाईट नव्हता, पण पोटात एक दुखत होतं. तीन घरांत वाटणी होत होती तेव्हा आपल्याला चार यायचे, आता चार घरांत आपले तीन होतील की दोन? हे बोलून दाखवायचं कसं? म्हणून ते वैजयंतेवर घसरले. “गे सूनबाई, टोपली भरणं गुरवाचं काम. आम्ही सांगायचं नाही, तू आणायचं. नारळ फुटला किंवा टोपलीत उरला, तर देवीला तुझी सेवा मान्य नाही असं समजू. किल्ली वरच्या आळीत जाईल.”

वैजयंता एवढंच म्हणाली, “होय, दाजी.” आणि घरी आली.

जत्रेला तीन दिवस होते. तिनं सासऱ्याच्या खाटेशी बसून विचारलं, “मामंजी, चार घरां झाली. किती नारळ घालू?”

रवळूनं डावा हात उचलला. उशाशी फुलांची परडी होती. ती त्यानं पालथी केली. फुलं सांडली.

तिला वाटलं, हात लागला. तिनं फुलं भरली, पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा परडी पालथी केली. तिसऱ्यांदाही तेच. वैजयंतेला रडू आलं. एक तर म्हाताऱ्याचं डोकं गेलं, नाहीतर तो माझ्यावर रागावलाय — किल्ली माझ्या हातून जाणार म्हणून. ती अंगणात जाऊन बसली. पुढ्यात नारळांचा ढीग. दोन दिवस मांडत होती, दहा, अकरा, बारा, तेरा, आणि दरवेळी कुठे ना कुठे नारळ अर्धा होत होता. जेवण गोड लागेना. म्हाताऱ्याच्या तोंडाला घास लावताना तिला त्याच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं परडी उचलली आणि तिच्या लक्षात आलं. जत्रेत टोपली पालथी कधी घालतात? शेवटी. सगळं देऊन झाल्यावर. मामंजी रागावले नव्हते, ते सांगत होते — पोरी, तू सुरुवातीपासून मोजतेस, शेवटापासून मोज.

मग बाई मागे चालायला लागली. शेवटी टोपलीत काही नाही. शेवटच्यानं अर्धे आणि अर्धा नेला आणि काही उरलं नाही, म्हणजे तो वरचा अर्धा म्हणजेच उरलेला अर्धा भाग. म्हणून त्याच्या आधी होता एक. त्याच्या आधीच्यानं नेले आणि एक उरला. तो वरचा अर्धा या एकात मिळवा, दीड झाले, हा झाला टोपलीचा अर्धा भाग. मग पूर्ण किती? तीन. हे तीन उरले, त्याच्या आधी किती? त्यात अर्धा मिळवा, साडेतीन, दुप्पट करा, सात. आलं का गावाचं सात! तीन घरांसाठी सात इथून आलं होतं. आणि चौथं घर? सातात अर्धा मिळवा, साडेसात. दुप्पट करा.

पंधरा.

ती पंधरा नारळ मोजून टोपलीत घालून खाटेशी घेऊन गेली. रवळूनं टोपलीवर डावा हात ठेवला आणि डोळे मिटले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही आलं. दोघांना फार बोलावं लागलं नाही, आणि एकाला बोलता येतही नव्हतं.

जत्रेची सकाळ. देवीपुढे चार मानकरी उभे. वरच्या आळीचा चुलतभाऊ स्वच्छ धोतर नेसून आलेला, किल्ली कनवटीला कशी दिसेल ते बघून. वैजयंतेनं टोपली खाली ठेवली.

“किती?” दाजींनी विचारलं.

“पंधरा.”

“पंधराचा अर्धा साडेसात. आता फोड.”

“साडेसात आणि वर अर्धा. आठ, दाजी.” तिनं आठ नारळ त्यांच्या उपरण्यात घातले. दाजींचं उपरणं खाली वाकलं. परबांना सातातले चार. मेस्त्रींना तिनातले दोन. आणि खाडीपलीकडच्या भिकाजी तांडेलांना शेवटचा एक. टोपली तिनं उचलली आणि देवीपुढे पालथी घातली. आत काथ्याची धूळ तेवढी होती.

भिकाजी तांडेल नारळ छातीशी धरून उभे होते. एकच नारळ. पण आजवर त्यांच्या वाडीत देवीपुढचा एकही आला नव्हता. ते म्हणाले, “सूनबाई, आमच्या वाडीत याचे तुकडे करू. घरटी एक.”

आणि दाजी आठ नारळ घेऊन उभे. रीत अशी की मानाचा नारळ घरात ठेवायचा नाही, वाडीत वाटायचा. ज्याला जास्त मान, त्याला जास्त वाटणं. दाजींना भीती काय होती? वाटेकरी आला की माझा वाटा कमी होणार. झालं काय? वाटेकरी आला आणि वाटा दुप्पट झाला.

दाजींनी उपरण्याला गाठ मारली. मग चुलतभावाकडे वळून म्हणाले, “तू घरी जा रे.” आणि वैजयंतेला म्हणाले, “तुझे माड रिकामे केलेस आमच्यासाठी. तुझ्या घराला काय उरलं?”

“टोपली,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी भरायला लागेल.”

किल्ली तिच्या कमरेलाच राहिली.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे येतो, सुटणार नाही तुम्ही.

तुमच्या घरात असे किती सात आहेत? उपवास याच दिवशी का? माहीत नाही, असतो. नैवेद्याला हीच भाजी का? आमच्याकडे तीच असते. मोठ्या सुनेनं आधी का जेवायचं नाही? पूर्वीपासून तसं आहे. चालतं तोवर चालतं. मग घरात एक माणूस वाढतं — सून येते, जावई येतो, नातसून दुसऱ्या गावची येते — आणि तुमचं सात कोसळतं. तेव्हा तुम्ही काय करता? दाजींसारखं नवीन माणसावर घसरता. चूक तिची नसते, तुम्हाला रीत कळलेली नसते. देवानं रीत मोडायला सांगितलेलं नाही, नुसती पाठ करायलाही नाही.

आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, वाचा आहे तोवर. सगळ्यांच्या उशाशी परडी नसते.

बरं, एक शेवटचं. नागझरवाडीत पाचवं घर आलं तर नारळ किती?

कोण बोललं? एकतीस. शाब्बास. उभे राहा काका. कसं काढलंत?

शेजारच्यानं सांगितलं? मग बसा. उत्तर बरोबर आहे, पण तुमचं नाही अजून. घरी जाताना वाटेत टोपली पालथी घाला आणि मागे चालत या. एकतीस भेटेपर्यंत जेवायला बसू नका.

पंत, आता वाजवा तुमची ती एकच पट्टी.