सांस रोकिए!

...अन् वरतून म्हनते कसं, 'सांस रोकिए!' रोखला ना बाप्पा! पन सोडू कवा, ते तं सांग!

तुमाले सांगते, नागपूरच्या त्या दवाखान्यात मानूस बोलतच नाई, मशीन बोलते. हिंदीत! मी एकोडीची बाई, चार महिन्याआधी मोठ्या आतड्याची गाठ काढली माही, वीतभर आतडं गेलं... वजन तेवढंच कमी झालं! आता डॉक्टर म्हने, "शकुनताई, आतड्याचा कॅन्सर पयले लिव्हरमंदी जाते. सीटी स्कॅन करू, डाग गिग हाये का पाहू." आमचे हे, हेमराज, धान करनारा मानूस, डोकं खाजवत म्हनतात, "म्हंजे जी, वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत उतरते, तसंच?" डॉक्टर खुश! "अगदी तसंच भाऊ, आतड्याचं रक्त आधी लिव्हरमंदीच उतरते." यायले लागलीच धीर आला. "मंग हा धानावरचा करपाच हाये! फवारा असन ना?"

बायकोले करपा! मी हासली. रडाले पायजे होतं का? का मालूम... ऑपरेशन झाल्यापासून मले काई वाटूनच नाई राहिलं. लाखोरीची भाजी काय अन् डॉक्टरची बातमी काय, दोनी अळनीच.

मंग मशीनवर झोपवलं, हातात सुई. मशीनवाली पोरगी म्हने, "काकू, औषध सोडते, गरम वाटन हां." गरम? अवो, गळ्यातून निंगालं ते सरसर सरसर थेट खाली! म्हटलं झालं, दवाखान्याचा गाऊन भिजवला शकुने! "काई नाई झालं काकू, सगळ्यायलेच तसं वाटते." पाहा बरं! इतक्या महिन्यात पयल्यांदा काई वाटलं, अन् ते बी खोटं!

'सांस रोकिए!' रोखला ना बाप्पा! मशीन घुंईं करते, मी छताकडे पाहते, मनातल्या मनात आमच्या पोरीचं, हर्षाचं लग्न लागलं, पंगत उठली, तवा कुठी ते मेली मशीन बोलली... 'सांस लीजिए.'

बाहेर येते तं काय? हे भिंतीले टेकलेले, तोंड लालबुंद, नर्सबाई पानी पाजून राहिली, "पेशंट कोन हाये नक्की?" दारातून आवाज आयकू येत होता ना, यायनं बी रोखला! म्हटलं, "काहून?" तं म्हनतात, "म्हटलं, दोघायनं रोखला तं फोटो साफ येईन."

फोटो आला. एक डाग, मुगाच्या दान्याएवढा. डॉक्टर म्हने, "इतक्या बारक्याचं आत्ताच सांगता येत नाई ताई. पान्याची साधी गाठ असन, नाईतर तेच असन. तीन महिन्यानं परत पाहू."

बसमंदी बसलो. शहापूर गेलं, भंडारा गेलं, हे गाल फुगवूनच. म्हटलं, "अवो, सोडा आता श्वास!"

"कसा सोडू? मशीन कुठी बोलली अजून?"

आता यायले काय सांगाव... तीन महिने! रोखला ना बाप्पा, म्या बी.