आम्ही गोळ्या वाटून घेतल्या

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर आरेव्हालो, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या परिचारिका एर्मेलिंदाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या औषधाच्या सोबत्यांनो,

मी सोइला तामानी. बाजारात पानात बांधलेला भात विकते. माइकची सवय नाही, तेवढं चालवून घ्या.

एचआयव्हीच्या नव्या औषधाची चाचणी या केंद्रात सुरू झाली, त्याला नऊ वर्षं झाली. अर्ध्यांना नवं औषध, अर्ध्यांना जुनं. गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाच्या डब्यात काय, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. मी सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून एकच घोर लागला. आपल्या वाट्याला काय आलं असेल? तुम्हाला नव्हता लागला?

माझ्याबरोबरच एदिल्बेर्तो आला होता. तीनचाकी चालवायचा, थट्टेखोर माणूस. महिनाभरात तो माझ्या टोपलीपाशी येऊन म्हणाला, "सोइला, आपल्यातल्या एकाला जुनंच मिळत असणार. दोन्ही डबे एकत्र ओतू आणि निम्म्या निम्म्या घेऊ."

"अरे, बाई डब्यात उरलेल्या गोळ्या मोजतात."

"मोजू देत की. गोळ्या तेवढ्याच भरणार."

"आणि नवं तुझंच असलं तर? मला देऊन तू काय खाशील?"

"तुझा भात," म्हणाला, आणि हसला.

दीड वर्ष आम्ही तसंच केलं. बाई डबे मोजायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "या दोघांकडून शिका. एक गोळी इकडची तिकडे नाही." मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, लाजते.

मग एदिल्बेर्तो खंगत गेला. बाई होडीने त्याच्या घरी जायच्या, स्वतःच्या हाताने त्याला भरवायच्या. तो गेला. त्याला पोचवून परतताना बाईंनी मला विचारलं, "सोइला, तो गोळ्या चुकवत होता का गं? तुला माहीत असेल."

मी म्हटलं, "नाही, बाई."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने बाई त्याचे कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होत्या, आपलं कुठे चुकलं म्हणून. मी समोर बसून रक्त देत होते. माझ्या गोळ्यांनी त्याचं वाईट झालं, की त्याच्या गोळ्यांनी मी वाचले? अजून कळलेलं नाही.

मघाशी डॉक्टरसाहेब म्हणाले, या केंद्राच्या नोंदीत एकही खोट नाही. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाई, उठू नका. बसा. तुमचं मोजणं बरोबर होतं.

हे सगळं मी लिहून आणलंय, खाली सही केली आहे. हा कागद, डॉक्टरसाहेब. आमची दोघांची नावं खोडायची तर खोडा, फक्त बाईंच्या नावाला हात लावू नका. आणि समोर ज्यांनी आत्ता माना खाली घातल्या, त्यांनीही नंतर डॉक्टरांना भेटावं. मी थांबते सोबतीला.

मला बोलायला बोलावलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. बाकीची माफी सभेकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, ते बाईंनी सावकाश ठरवावं.