धाकट्याचं कार्ड

(कामगारांच्या नुकसानभरपाईचं कार्यालय. खिडकीच्या आत कारकून. बाहेर पत्र्याच्या कारखान्यातले दोघे भाऊ. थोरल्याच्या उजव्या हाताला पट्टी.)

कारकून : हिशेब तसा सोपा आहे. वर्षभराचा सरासरी पगार, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि कमाईची ताकद जितके टक्के गेली, तितके टक्के द्यायचे.

थोरला : तीन बोटं गेलीत, साहेब. उजवी.

कारकून : डॉक्टरांनी लिहिलंय तसं. पण पगार एवढाच?

थोरला : सात महिने दोन पाळ्या करत होतो.

कारकून : कागदावर एकच दिसतेय.

धाकटा : दुसरी माझी. मी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलो होतो. दादा चारला स्वतःचं हजेरीचं कार्ड मारून बाहेर पडायचा आणि माझं मारून परत आत यायचा.

कारकून : कुणाच्या लक्षात आलं नाही?

थोरला : मुकादमानंच सुचवलं. माल निघाल्याशी मतलब, म्हणाला. याची नोकरी टिकावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कारकून : मग तो पगार विसरा. अपघात किती वाजता झाला?

थोरला : साडेपाचला.

कारकून : तुमचं कार्ड तर चारलाच बाहेर पडलंय.

थोरला : हो.

कारकून : मग गुणायला काही उरलंच नाही. कागदाप्रमाणे साडेपाचला पत्रा दाबायच्या प्रेसवर हे तुमचे भाऊ होते.

धाकटा : तर माझ्या नावानं करा अर्ज.

कारकून : तुमची दहाही बोटं जागेवर आहेत. ज्याचा अपघात, त्याचा हात शाबूत. ज्याचा हात गेला, त्याला अपघातच नाही. इतकी वर्षं इथे बसतोय, पण असा कागद पहिल्यांदा पाहतोय.

धाकटा : दादा माझ्या जागी होता, असं मी लिहून देतो.

कारकून : द्या. कंपनी त्याच दिवशी तुम्हाला काढेल, आणि केस पाच वर्षं चालेल. मुकादम साक्ष देईल?

थोरला : दवाखान्यात येऊन गेला. रडला. मलाही लेकरं आहेत, म्हणाला.

कारकून : मग हात दाखवून अवलक्षण कशाला... माफ करा, तोंडातून गेलं.

थोरला : असू द्या. अर्ज परत द्या माझा.

धाकटा : नको ना, दादा. वहिनीला काय सांगू मी?

थोरला : तिला मी सांगेन. दोघंही घरी बसलो तर चूल कशावर पेटायची?

धाकटा : त्या प्रेसपुढे उभं राहवत नाही रे मला. तुझी जागा ती.

थोरला : तुझीच आहे. मी फक्त राखली. साडेतीन वाजले, निघ. चारला कार्ड मारायचंय. आणि जाताना या डाव्या बाहीचं बटण तेवढं लावून दे.