पदराखालचे हात

मुलाच्या क्लासची आणि शाळेची वेळ जुळेना, म्हणून विशाखाताई लातूरच्या शाळेत हेडमास्तरांच्या दाराशी बसल्या होत्या. शेजारी नकली नखांपायी वर्गाबाहेर काढलेली ऋतुजा होती आणि गावाहून बोलावलेली तिची आजी, केवळाबाई.

“काढून टाक की गं. शाळंचा नियम हाय.”

“निघंनात, आजी. गोंद लई पक्का हाय.”

“कशाला केलास हा नखरा?”

“तुझ्यासाठीच आणली होती, ताईच्या लग्नाला. बोटं झोंबतेत का बघावं म्हणून आधी मी लावली.”

“मला? या वयात?”

“लग्नात तू हात पदराखाली घेतीस. नखं न्हाईत म्हणून लाजतीस ना?”

“येडे, लाजू कशाला? भूकंपात तुझ्या बापाला दगडामातीतून उकरून काढलं, तवा गेली ती. आपल्या गावात घरटी माणूस गेलंय. माझी बोटं दिसली की बायांना त्यांची लेकरं आठवतेत. लग्नाच्या मांडवात कुणाला रडवावं व्हय?”

“हे सरांना सांगू?”

“कायबी सांगू नको. चुकलं म्हण. घरी तेल लावून सोडवू. ओढू नको बघ, नख उपटलं की लई दुखतंय.”

शिपायानं विशाखाताईंचं नाव पुकारलं.

“आधी ह्यांना जाऊ द्या,” त्या कशाबशा म्हणाल्या.

केवळाबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.