आबा आणि रशियन अंतराळवीर

रशियन सिनेमा कंटाळवाणा असतो म्हणता ना? मग आमच्या आबांचं ऐका.

आबा फौजेतून पेन्शनवर आले आणि कोरेगावच्या घरी दिवसभर ओट्यावर गप्प बसून राहायला लागले. काय बघताय विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई." चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट असेल. मी सांगलीत नोकरीला होतो. आबा चार दिवस राहायला आले, तेव्हा त्यांना आमच्या फिल्म क्लबात अंतराळावरचा रशियन सिनेमा बघायला नेलं. म्हटलं, रॉकेट बघून तरी बोलतील.

रॉकेट कुठलं! एक म्हातारा अंतराळवीर यानाच्या खिडकीपाशी बसलेला, बाहेर नुसता काळोख. पाच मिनिटं झाली तरी गडी बसलेलाच. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, पुढं सरकवा की!" सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

आबा उठले, मागं वळले आणि म्हणाले, "गप बसा रं! त्याची ड्युटी संपली न्हाई अजून."



संध्याकाळी आबा माझ्या खोलीच्या पायरीवर तसेच बसले. या वेळी मी काही विचारलं नाही, नुसता शेजारी जाऊन बसलो. दोघांचा चहा निवून गेला. तेव्हा कुठं ते म्हणाले, "वर बर्फात, चौकीवर, आमी दोघं होतो. खाली मी एकलाच आलो."

मग पुन्हा समोर बघत बसले. मीही पुढचं विचारलं नाही. त्यांची ड्युटी संपली नव्हती अजून.