नव्वदची पट्टी

इंजिनिअर : ...अकरा वर्षं, काका! आणि दर पावसाळ्यात सगळ्यात मोठा पूर नव्वद सेंटीमीटर? एकदाही एक्क्याण्णव नाही?

नोंदवाले काका : शिस्तीचा ओढा आहे, ताई.

शिवणवाल्या काकू : शिस्तीचा म्हणे! मग मागच्या वर्षी माझी मशीन टेबलावर चढवली, ती काय हवा खायला?

इंजिनिअर : काका, दुपारी नकाशा द्यायचाय, उद्या खोदाई. सरळ नाला करून टाकलेला हा ओढा पुन्हा वळणावळणाचा करायचाय. दर वर्ष-दोन वर्षांनी तो काठोकाठ भरतो, तेवढं पाणी मावेल असं पात्र हवं. ते पाणी मी तुमच्या वहीवरून काढलंय. वही चुकली, तर पहिल्याच पुरात काकूंची मशीन पाण्यात.

काका : वहीत एक खाडाखोड दाखवा!

इंजिनिअर : तेच तर! ओढ्यातली पाणी मोजायची पट्टी नव्वदच्या वर कधी बुडलीच नाही?

काका : बुडायची की. शेवटचा आकडाच नव्वद. तो बुडाला तर वाचायचं काय, कपाळ? मग मी खिळा काढायचो नि पट्टी वर सरकवायचो.

इंजिनिअर : वर... सरकवायचात?

काका : पूर ओसरला की परत जागच्या जागी. बेजबाबदार समजू नका मला.

काकू : अगं, छातीएवढ्या पाण्यात हातोडी घेऊन उभे असायचे. मला वाटायचं, हपिसाचं कामच असेल तसलं.

इंजिनिअर : छातीएवढ्या पाण्यात उभं राहून नव्वद लिहिलंत?

काका : पट्टीवर दिसेल तेच लिहायचं, असा हुकूम होता.

इंजिनिअर : संपलं सगळं. आता दुपारपर्यंत कुठून आणू आकडे?

काका : एक दिवस रजा घेतली नाही हो मी. पोरीच्या लग्नादिवशीसुद्धा वाचून आलो.

काकू : आता तोंड पाडू नका. ताई, घरामागे ये. माझी ही भिंत थेट ओढ्यात उतरते ना? पाणी जिथवर चढलं, तिथे दर वर्षी कात्रीनं ओरखडा मारते मी. मशीन किती उचलायची ते कळायला नको?

इंजिनिअर : अकरा ओरखडे! काकू, टेप द्या आधी!

काकू : घे. इंचाची आहे हं. बेतात घे गं बाई. घट्ट झालं की उसवतं, ढगळ झालं की अंगावर राहत नाही.

इंजिनिअर : ओढ्याचंही अगदी तेच. पाच वर, पाच खाली, मधला धरू... तळापासून साडेत्रेपन्न इंच. म्हणजे एकशे छत्तीस सेंटीमीटर! पात्र बरंच रुंद करावं लागणार. आणि काका... तुमचं काठावरचं खोपट त्यात जाईल.

काका : खोपट? अकरा वर्षं तिथंच बसलो मी.

इंजिनिअर : नव्वदच धरलं तर वाचेल ते. पण मग...

काका : नको. मशीन भिजेल हिची. काढा खोपट. मी काय, बसेन घरात. आता कोण ठेवतंय मला नोंदीला?

काकू : (कात्री पुढे करत) ही धरा. ह्या वर्षीचा ओरखडा तुम्ही मारायचा. भिंत काही सरकत नाही.